शिंदळ माकडी: सह्याद्रीच्या कड्यावरचं दुर्मीळ फूल नागपुरात सांभाळायचं तर

शिंदळ माकडी ही रसाळ वनस्पती निसर्गात फक्त महाराष्ट्रात उगवते. जुन्नरच्या आसपासचे डोंगर, पुरंदर, महाबळेश्वर अशा मोजक्या ठिकाणच्या उभ्या काळ्या कातळातल्या भेगा हे तिचं घर. डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिलं. अलीकडच्या वर्गीकरणात ती बुसेरोसिया फ्रेराय या नावाने भेटते. कागदपत्रं चाळताना दोन्ही नावं शोधावीत.

हे रोप फांदीवरून लावणं अवघड नाही. रसाळ वनस्पती जमवणाऱ्या परदेशातल्या लोकांकडेही ते कुंड्यांत आहे. त्यामुळे नव्याने या कामात येणारा माणूस पहिल्याच वर्षी पाचाच्या पंधरा कुंड्या करतो आणि संवर्धन झालं असं समजतो. आमचं मत वेगळं आहे. कोणत्या डोंगरावरचं, कोणत्या मातृरोपाचं, कधी आलेलं हे ज्या रोपाबद्दल सांगता येत नाही, ते शोभेचं रोप होय. एकाच रोपाच्या फांद्यांपासून केलेल्या शंभर कुंड्या म्हणजे जनुकांच्या हिशेबाने एकच झाड. पुढे दिलेली प्रत्येक पायरी हे लक्षात ठेवूनच लिहिली आहे.

नागपुरात बसून या कामाला हात लावावा का, असं कोणीही विचारेल. लावावा. कड्यापासून दूर, वेगळ्या हवामानात, दोन-तीन घरी जपलेला राखीव साठा कामाचा असतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या बागेत रोग शिरला तरी इकडचा साठा वाचतो. शिवाय महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे आणि राज्याच्या वनविभागाचं मुख्यालयही इथेच, सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात. परवानगीचा प्रश्न आला की पुण्या-मुंबईच्या माणसाला पत्रव्यवहार करावा लागतो. तुम्ही समोर जाऊन विचारू शकता.

आधी ओळख पक्की करा

रुईच्या कुळातली ही रसाळ वनस्पती आहे, पण खोड तोडलं तर रुईसारखा पांढरा चीक येत नाही, पाणीदार रस येतो. खोड गोलसर, राखाडी हिरवं, बोटाएवढं जाड आणि कड्यावरून खाली लोंबणारं. पावसाळ्यात त्यावर जाडसर, लांबट पानं येतात, साधारण ३ ते ७ सेंटिमीटर लांबीची. पाऊस संपल्यावर ती गळतात आणि नुसत्या कांड्या उरतात. फूल दोन-अडीच सेंटिमीटरचं, पाच पाकळ्यांचं, गर्द तांबूस-जांभळं, त्यावर पिवळे ठिपके किंवा पट्टे आणि कडेला बारीक लव. बहर ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत.

घोळ होतो तो कॅरॅलुमा अ‍ॅडसेंडेन्सशी. विदर्भाच्या कोरड्या माळांवर दिसणारं माकडशिंग ते हेच. काही भागांत त्यालाही शिंदळ माकडीच म्हणतात, म्हणून वहीत नेहमी शास्त्रीय नाव लिहावं. फरक सोपा आहे. माकडशिंगाचं खोड चौकोनी धारांचं आणि उभं वाढणारं असतं, पानं इतकी बारीक की नसल्यासारखीच. मोठी पानं धरणारी ती शिंदळ माकडी. मात्र उन्हाळ्यात पानं गळालेली असताना फोटोवरून ओळख पटवू नका आणि पटली असं कोणी सांगितलं तरी मानू नका. पावसाळ्यापर्यंत थांबा.

रोप कुठून आणायचं

कड्यावरून आणायचं नाही. फांदी नाही, बी नाही, खाली गळून पडलेला तुकडासुद्धा नाही. कडे बहुतेक ठिकाणी वनखात्याच्या जमिनीत येतात, काही किल्ले पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, आणि राखीव वनातून वनोपज काढणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे. जंगलातून काढलेल्या ज्या वनस्पतींच्या निर्यातीवर केंद्र सरकारची बंदी आहे, त्या यादीत फ्रेरिया इंडिकाचं नाव आहे. कंदीलपुष्पांची सेरोपेजिया ही प्रजातीही त्याच यादीत आहे.

मग उरतात दोन वाटा. एक म्हणजे संस्था: विद्यापीठांच्या वनस्पती उद्यानांकडे आणि पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे रीतसर पत्र लिहून विचारणं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात सह्याद्रीतल्या दुर्मीळ वनस्पतींवर, विशेषतः सेरोपेजियांवर, मोठं काम झालेलं आहे. रोपं मिळतीलच असं नाही, पण जे मिळेल ते उगमाच्या नोंदीसह मिळतं. पत्र एकट्याच्या नावाने लिहिण्यापेक्षा महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागामार्फत किंवा तुमच्या भागातल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत लिहा. जैविक विविधता अधिनियम २००२ नुसार अशा समित्या स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये असतात. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: रोपं कुठे ठेवणार, नोंद कोण ठेवणार आणि तुम्ही गाव सोडलं तर ती कोणाकडे जाणार.

दुसरी वाट बागकाम करणाऱ्यांची. एखाद्याकडे जुनी कुंडी असते, तो आनंदाने फांदी देतो. घ्या, पण वहीत 'उगम अज्ञात' असं लिहा. अशा रोपावर हात बसवावा, ते शाळेतल्या मुलांना दाखवावं. नोंद असलेल्या रोपांच्या शेजारी मात्र ते ठेवू नये. इंटरनेटवर चढ्या भावाने विकली जाणारी 'थेट सह्याद्रीतून आणलेली' रोपं घेऊ नका. ती खरोखर तिथून आणलेली असली तर तुम्ही चोरीचा माल घेताय, आणि नसली तर फसवले गेलाय.

पहिला हंगाम स्टॅपेलियावर

नोंदीचं रोप हाती येण्याआधी एक पूर्ण वर्ष नर्सरीतल्या स्टॅपेलियावर सराव करा. ताऱ्यासारखं मोठं, वास मारणारं फूल येणारं हे आफ्रिकी रोप नागपुरातल्या नर्सऱ्यांत मिळतं आणि स्वस्त असतं. कुळ एकच, कुजण्याची रीत एकच, ढेकण्याही (मुळांना लागणारी पांढरी, कापसासारखी कीड) त्याच लागतात. नागपूरचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा स्टॅपेलियाच्या तीन कुंड्या जिवंत ठेवता आल्या तर पुढे जा. दोन मेल्या तर आणखी एक वर्ष थांबा. दुर्मीळ रोपावर शिकणं आम्हाला पटत नाही.

कुंडीतलं मिश्रण

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण नागपूरची काळी माती हाताशी असते आणि सुपीक म्हणून तिचा अभिमानही असतो. या रोपासाठी ती चिमूटभरही वापरू नका. काळी माती ओली झाली की फुगते, मुळांभोवतीची हवा संपते आणि दोन-तीन दिवसांत खोडाचा तळ मऊ पडतो. कड्यावर मुळं भेगेतल्या मूठभर भुसभुशीत गाळात असतात, पाऊस धो धो पडतो आणि तितक्याच वेगाने निघून जातो. तेच कुंडीत साधायचं आहे.

मापाने सांगायचं तर दहा भागांत चार भाग गिट्टीची चुरी, तीन भाग विटांचा चुरा, दोन भाग जाड रेती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं पानांचं खत. चुरी काळ्या दगडाची घ्या. क्रशरवर किंवा बांधकामाच्या मालाच्या दुकानात सहज मिळते. ६ मिलिमीटरच्या चाळणीतून पडेल आणि २ मिलिमीटरच्या चाळणीवर राहील तेवढीच ठेवा. खालची भुकटी फेकून द्या, ती राहिली तर पाण्याबरोबर खाली बसून सिमेंटसारखा थर होतो. चाळल्यावर चुरी आणि रेती पाणी स्वच्छ निघेपर्यंत तीन-चार वेळा धुवा. कन्हानची जाड रेती चांगली, पण त्यातले शिंपल्यांचे तुकडे वेचून काढा. विटा भट्टीत पक्क्या भाजलेल्या हव्यात. कच्च्या विटेचा वर्षभरात चिखल होतो.

चुरीऐवजी मुरूम वापरणार असाल तर आधी लिंबू पिळून बघा. फेस आला तर त्यात चुनखडीचे खडे आहेत. आपल्याकडच्या मुरुमात ते बरेचदा असतात. अशा मुरुमाने मिश्रण अल्कधर्मी होतं आणि पावसाळ्यातली नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात.

कुंडी मातीची, ५ ते ६ इंच तोंडाची, उथळ. प्लास्टिकची किंवा चिनी मातीची नको, कडेने बाष्प निघत नाही. तळाचं भोक बोट जाईल एवढं मोठं करून त्यावर खापराचा तुकडा ठेवा. मिश्रण भरल्यावर अर्धा लिटर पाणी एकदम ओता. पाणी वर तळं करून थांबलं तर मिश्रण चुकलं, पुन्हा चाळा. रोप लावल्यावर वरून बोटभर जाडीचा धुतलेल्या चुरीचा थर द्या, म्हणजे खोडाचा तळ ओल्या खताला टेकत नाही.

फांदी लावणं

नागपुरात यासाठी योग्य वेळ जूनचा शेवट ते जुलै, पहिल्या पावसाने पारा उतरल्यावर. मे महिन्यात कापलेली फांदी सुरकुतून जाते. सप्टेंबरनंतर लावलेली थंडीच्या आत पुरेशी मुळं धरत नाही.

मातृरोपाच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त फांद्या एका वर्षात काढू नका. फांदी ७ ते १० सेंटिमीटरची, जिथे ती मुख्य खोडाला अरुंद होऊन जुळते तिथूनच नव्या ब्लेडने कापायची. मधूनच कापली तर जखम रुंद होते आणि कुजण्याची शक्यता वाढते. प्रत्येक कापानंतर ब्लेड स्पिरिटने पुसा. हा कंटाळा केला तर एका रोपाची बुरशी सगळ्यांना जाते. कापलेल्या टोकाला गंधकाची भुकटी लावा आणि फांदी सावलीत, हवेशीर जागी, वर्तमानपत्रावर आडवी ठेवा. कोरड्या हवेत पाच दिवस पुरतात. जुलैच्या दमट हवेत आठ-दहा दिवस लागतात. टोक बोटाला कोरडं आणि कडक लागलं पाहिजे. याच वेळी फांदीला क्रमांकाची चिठ्ठी बांधा. कुंडीत लावल्यावर बांधू म्हणून ठेवलं की दोन फांद्यांची अदलाबदल होते, आणि ती नंतर कधीच सुधारता येत नाही.

लावताना टोक फक्त एक ते दीड सेंटिमीटर आत जाऊ द्या. उभी राहत नसेल तर बांबूच्या काडीला सैल बांधा, खोल खोचू नका. पहिले सात-आठ दिवस पाणी नाही. नंतर चार-पाच दिवसांनी एकदा कुंडीच्या कडेने दोन चमचे पाणी. तीन-चार आठवड्यांनी फांदी हलकेच ओढून बघा, अडकल्यासारखी वाटली तर मुळं आली. दर दोन दिवसांनी उपटून बघू नका, कोवळी मुळं तुटतात. फांद्यांवर वरून पावसाचं पाणी पडता कामा नये. पारदर्शक पत्र्याखाली, चारी बाजूंनी वारा खेळेल अशी जागा हवी.

नागपूरचं वर्ष

हे रोप कसं जगतं ते कळलं की पाणी देण्याचं गणित सोपं होतं. १९७७ मध्ये लांगे आणि झुबर या संशोधकांनी दाखवलं की शिंदळ माकडीची पानं इतर झाडांसारखी दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात, पण तिचं खोड निवडुंगांसारखं रात्री घेतं. पावसाळ्यात पानं कमावतात. कोरड्या काळात पानं टाकून देऊन खोड रात्रीच्या गारव्यात थोडंथोडं काम करत तग धरतं. सह्याद्रीच्या माथ्याजवळ उन्हाळ्यातही रात्री गार होतात. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. इथल्या उन्हाळ्यात रोप मरतं ते बहुतेक वेळा या तापलेल्या रात्रींमुळे, दुपारचं ऊन त्या मानाने कमी मारतं.

म्हणून मार्चच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत कुंड्या गच्चीच्या स्लॅबवर ठेवू नका. तळमजल्यावरचं पूर्वेचं अंगण, कडुलिंबाच्या सावलीची बाजू किंवा जमिनीपासून दोन फूट उंच लोखंडी मांडणी चांगली. सकाळी नऊपर्यंतचं ऊन चालतं, त्यानंतर ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी. पश्चिमेची भिंत टाळा. छोटी कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधली जागा रेतीने भरा आणि ती रेती संध्याकाळी ओली करा. बाष्पीभवनाने आतली कुंडी गार राहते आणि मुळांना फार ओल लागत नाही. आतल्या कुंडीला दर बारा-पंधरा दिवसांनी, सूर्य मावळल्यावर, साधारण पाव कप पाणी. नवतपात, म्हणजे मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, खोड जरा सुरकुतलं तर घाबरून पाणी वाढवू नका. सुरकुतलेलं पण टणक खोड ठीक आहे. फुगीर पण मऊ खोड हा धोका आहे.

कूलरच्या खोलीत कुंडी आणून ठेवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. आणू नका. तिथे उजेड कमी, हवा दमट आणि खिडकीतून बाहेर काढलं की तापमानाचा एकदम धक्का. आठवड्याभरात खोडावर बुरशीचे डाग दिसतात.

पाऊस स्थिरावला की डोळे फुटतात. पहिल्या पानांची टोकं दिसल्यावरच पाणी वाढवा, आधी नाही. ऑगस्टमध्ये सलग झड लागली तर कुंड्या छताखालीच ठेवा आणि कुंडीचं वजन हातात घेऊन पाण्याचा अंदाज घ्या. हलकी झाली तर भरपूर पाणी, जड असेल तर काही नाही. या काळात सकाळचं चार-पाच तास ऊन मिळालं नाही तर फूल येत नाही. खत म्हणाल तर पावसाळ्यात एकदाच, शेणखताची पातळ निवळी. जास्त नत्राने खोड लुसलुशीत वाढतं आणि किडी बोलावतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर बहराचे, तेव्हा कुंडी जागेवरून हलवू नका, कळ्या गळतात. डिसेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ कोरडं ठेवा, तीन आठवड्यांनी एकदा सकाळी थोडं पाणी. रात्रीचा पारा १० अंशांखाली जाईल तेव्हा कुंड्या भिंतीलगत ओढा.

पाणी कोणतं, हेही महत्त्वाचं. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी पुटं दिसतात. पावसाचं पाणी दोन-तीन झाकणाच्या ड्रममध्ये साठवा. एवढ्या कमी पाण्यावर जगणाऱ्या दहा-पंधरा कुंड्यांना २०० लिटर वर्षभर पुरतात.

काय बिघडतं आणि का

खोडाचा तळ काळा पडणं सगळ्यात वाईट. कारण जवळजवळ नेहमी एकच, ओल जास्त आणि हवा कमी. रोप लगेच उपटा, काळा भाग वर वर कापत जा. कापलेल्या चकतीच्या मध्ये तपकिरी ठिपका दिसतोय तोवर बुरशी आत आहे. पूर्ण हिरवी चकती मिळाली की थांबा, गंधक लावा, वाळवा आणि नव्या मिश्रणात नवी फांदी म्हणून लावा. क्रमांक तोच राहील, पण तारीख आणि कारण वहीत लिहा. जुनं मिश्रण दुसऱ्या कुंडीत वापरायचं नाही.

पावसाळ्यात पानं छान असूनही वाढ खुंटली तर कुंडी उलटी करून मुळं बघा. मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर ढेकण्या आहेत. मिश्रण झाडून टाका, मुळं धुवा, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुंजके टिपा, तीन दिवस वाळवून पुन्हा लावा. कळ्यांवर पिवळा मावा येतो, रुई आणि कण्हेरीवर दिसतो तोच. त्याला बोटाने पुसणं किंवा पाण्याचा बारीक फवारा पुरतो. निंबोळी तेल वापरायचंच असेल तर लिटरला ५ मिलिलिटर, साबणाचे काही थेंब घालून, संध्याकाळी, आणि आधी एका फांदीवर आठवडाभर तपासून. उन्हात फवारलं तर खोड भाजतं.

प्लेन टायगर या फुलपाखराच्या अळ्या, काळे-पिवळे पट्टे असलेल्या, पानं आणि कळ्या खातात. या फुलपाखराचं आणि शिंदळ माकडीचं हे मूळचं नातं आहे, त्यामुळे विष मारू नये. अळ्या उचलून जवळच्या रुईवर सोडा आणि कुंड्यांवर मलमलची जाळी घाला. नागपुरात कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर रुई सापडते.

फूल, शेंग आणि बी

नोंदीच्या रोपांचं खरं काम इथे सुरू होतं. बी म्हणजे नवी जनुकीय जुळणी, आणि फांदीने ती कधीच मिळत नाही. या गटातल्या वनस्पतींत परागकण सुटे नसतात, मेणासारख्या जोडगोळ्यांत असतात. माशी फुलातल्या खाचेत पाय किंवा सोंड अडकवते, जोडगोळी तिला चिकटते आणि दुसऱ्या फुलाच्या खाचेत बरोबर घसरली तरच शेंग धरते. एकाच रोपाच्या फांद्यांमध्ये शेंग धरण्याची आशा फार कमी. म्हणून एकाच डोंगरावरची पण वेगवेगळ्या मातृरोपांची किमान दोन, शक्य तर चार-पाच रोपं बहराच्या काळात शेजारी ठेवा, जाळी काढा आणि माश्यांना येऊ द्या. आसपास कीटकनाशक मारू नका. सुईने हाताने परागण करता येतं, पण त्यासाठी दहापट भिंग आणि बराच सराव लागतो. आधी स्टॅपेलियाच्या मोठ्या फुलावर शिका.

वेगवेगळ्या डोंगरांवरची रोपं एकत्र फुलवायची की नाही, हा निर्णय तुमचा नाही. रोप देणाऱ्या संस्थेला विचारा. माकडशिंग आणि इतर जवळचे नातेवाईक बहराच्या काळात दूर ठेवा, कारण संकर झाला तर ते बी संवर्धनाच्या कामाचं उरत नाही.

शेंगा जोडीने येतात, निमुळत्या, शिंगांच्या जोडीसारख्या. पिकायला काही महिने लागतात. रंग फिका व्हायला लागला की पातळ जाळीदार कापडाची पिशवी बांधा. ती न बांधल्यास एका दुपारच्या वाऱ्यात रुईच्या म्हाताऱ्यांसारखं सगळं बी उडून जातं. बी शक्यतो लगेच पेरा. वरचंच मिश्रण, पण ३ मिलिमीटरखाली चाळलेलं आणि उकळतं पाणी ओतून निर्जंतुक केलेलं. बी वर ठेवून फक्त दोन मिलिमीटर चुरीने झाका, कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओलावा द्या. २५ ते ३० अंशांत एक-दोन आठवड्यांत उगवण दिसते. उगवल्यावर परात काढा, नाहीतर रोपं तळाशी बारीक होऊन आडवी पडतात. शेंग मार्चनंतर फुटली तर तापलेल्या नागपुरात पेरू नका. बी कागदी पाकिटात, सिलिका जेल घातलेल्या घट्ट बरणीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पावसाच्या सुरुवातीला पेरा.

बिल्ला आणि वही

अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरलेला क्रमांक कुंडीतच पुरा आणि तोच क्रमांक कुंडीच्या बाहेर ऑइल पेंटने लिहा. मार्कर पेन नागपूरच्या उन्हात एका उन्हाळ्यात पुसलं जातं. क्रमांक साधा ठेवा: मातृरोपाचा आकडा, मग फांदीसाठी 'फ' किंवा बियाण्यासाठी 'ब', मग अनुक्रम. उदाहरणार्थ ०३-फ-०२.

वहीत प्रत्येक क्रमांकाला एक पान. त्यावर:

- रोप कोणाकडून, कोणत्या तारखेला, कोणत्या पत्राने आलं
- मूळ डोंगर, तालुका आणि जिल्हा (नेमकी जागा फक्त संस्थेच्या नोंदीत)
- पानं फुटल्याची, पहिल्या फुलाची, शेंगेची आणि पानगळीची तारीख
- कीड, रोग, उपाय
- मेलं असेल तर तारीख आणि तुम्हाला वाटणारं कारण

शेवटची ओळ लोक टाळतात. मेलेल्या रोपांची नोंद जिवंत रोपांइतकीच उपयोगी असते, कारण विदर्भाच्या उष्णतेत हे रोप कुठे हार मानतं ते दुसऱ्याला तिच्यातूनच कळेल. प्रत्येक क्रमांकाची एक जोडकुंडी शहराच्या दुसऱ्या भागात दुसऱ्या माणसाकडे ठेवा. धरमपेठेत एक असेल तर दुसरी मानेवाड्याला.

कड्यावर जाल तेव्हा

बहर बघायचा तर सप्टेंबरच्या मध्यानंतर जा. कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण महत्त्वाची, कारण वाटेवरूनच बघायचं आहे. ओला बेसाल्ट शेवाळाने निसरडा असतो आणि कड्यांवर आग्या मोहळं असतात. अत्तर लावू नका, धूर करू नका, मोठ्याने ओरडू नका. दोर लावून कड्यावर उतरणं हे प्रशिक्षित लोकांनी परवानगीनेच करायचं काम आहे. खाली लोंबलेली एक जाळी किती मूळ रोपांची ते दुरून कळत नाही, म्हणून नोंदीत 'रोपं' न लिहिता 'पुंजके' लिहा. फूल आहे की नाही, शेळ्या पोचतील अशा उंचीवर आहे का, वणव्याची काजळी दिसते का, दरड नवी आहे का, हे लिहा.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन घराबाहेर पडतानाच बंद करा. फोटो टाकताना किल्ल्याचा बुरूज किंवा ओळखीचा सुळका चौकटीत येऊ देऊ नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करणार असाल तर स्थान 'अस्पष्ट' ठेवलं आहे ना ते स्वतः तपासा.

रोपं परत लावायची का

स्वतःच्या मनाने कुठेही लावू नका. सह्याद्रीतही नाही आणि विदर्भात तर मुळीच नाही. चिखलदऱ्याचे कडे बेसाल्टचे आहेत, उंची आहे, पाऊस आहे, म्हणून तिथे चार रोपं खोचावीत असं अनेकांना वाटतं. पण गाविलगडच्या डोंगरांवर ही वनस्पती मूळची नाही, आणि तिथल्या भेगांमध्ये तिथली स्वतःची रोपं आहेत. रामटेकचा गड आणि सेमिनरी हिल्सबद्दलही हेच. सह्याद्रीत लावायचं तर नागपूरच्या कुंडीतली ढेकणी आणि बुरशी तिच्याबरोबर कड्यावर जाण्याचा धोका असतो, आणि एका डोंगराची रोपं दुसऱ्यावर गेली तर तिथल्या मूळ रोपांची वेगळी ओळख मिसळून जाते.

पुनर्लागवड संस्था आणि वनविभाग करतात, पावसाच्या तोंडावर, त्याच डोंगराच्या रोपांनी, आणि पुढची काही वर्षं मोजणी ठेवून. ते तुमच्याकडे रोपं मागतील तेव्हा त्यांना बियांपासून वाढलेली, किमान दोन उन्हाळे काढलेली आणि क्रमांक असलेली रोपं हवी असतील. ती द्यायच्या सहा आठवडे आधी इतर कुंड्यांपासून वेगळी काढा, दर आठवड्याला भिंगाखाली बघा, निघण्याच्या आठवडाभर आधी पाणी बंद करा, मिश्रण पूर्ण झाडून उघड्या मुळांनी वर्तमानपत्रात गुंडाळा आणि खोक्याला हवेची भोकं ठेवा. खोक्यात वहीच्या त्या पानांची प्रत घाला. मूळ वही तुमच्याकडेच राहू द्या.